चित्राशेजारचा मजकूर: मराठी छपाईसाठी मांडणीची पद्धत

पानावर छायाचित्र ठेवायचे, त्याच्या कडेने मजकूर वळवायचा आणि चित्र संपल्यावर ओळ पुन्हा पूर्ण रुंदीने धावू द्यायची, हे काम आज संगणकावर दोन क्लिकमध्ये होते. ते वाचनीय होईलच असे मात्र नाही. सोलापुरात संक्रांतीच्या आधी गड्डा यात्रेचे विशेषांक, संस्थांच्या स्मरणिका आणि शाळा-महाविद्यालयांची वार्षिके एकाच वेळी छपाईला येतात, आणि त्यांतील निम्म्या पानांवर चित्राशेजारी दोन-दोन शब्दांच्या फाटक्या ओळी दिसतात. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. ऑपरेटर चित्राचा आकार आधी ठरवतो आणि उरलेल्या जागेत मजकूर कसाबसा बसवतो. खरे तर क्रम उलटा हवा. चित्राशेजारी मजकुराची किती रुंद पट्टी उरली पाहिजे हे आधी ठरवावे आणि मग चित्र त्या हिशेबाने लहान करावे. ते लहान करून चालणार नसेल, तर मजकूर वळवूच नये.

शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, हाताने जुळवण्याच्या काळात हा क्रम आपोआप पाळला जात असे. जस्ताचा ब्लॉक किती रुंद आहे हे पाहून जुळाऱ्याला आपली स्टिक, म्हणजे ओळ जुळवण्याची पट्टी, तेवढ्या कमी मापावर बसवावी लागे आणि अरुंद ओळ हाताने भरावी लागे, त्यामुळे ती ओळ किती अडचणीची आहे हे त्याला पान बांधण्यापूर्वीच कळे. आता संगणक तक्रार न करता कितीही अरुंद पट्टीत मजकूर कोंबतो, म्हणून विचार करण्याची जबाबदारी माणसावर आली आहे.

उदाहरणासाठी डेमी १/८ आकाराची, म्हणजे साधारण १४० बाय २१६ मिलिमीटर पानाची एकरकानी स्मरणिका घेऊ. समास सोडून मजकुराची रुंदी १०५ मिलिमीटर आहे, अक्षर १२ पॉइंटचे आहे आणि ओळींमधील अंतर १६ पॉइंट आहे. या पानावर भुईकोट किल्ल्याचे छायाचित्र मजकुराच्या बाजूला ठेवायचे आहे. ते मजकुराच्या रुंदीच्या दोन-पंचमांशापेक्षा, म्हणजे ४२ मिलिमीटरपेक्षा मोठे करू नये. त्यात चित्र आणि मजकूर यांमधील ४ मिलिमीटर अंतर मिळवले की मजकुरासाठी ५९ मिलिमीटर उरतात. १२ पॉइंटच्या मराठी अक्षरात एवढ्या जागेत साधारण चार-पाच शब्द बसतात, आणि दोन्ही कडा जुळवून लावलेल्या ओळीसाठी ही खालची मर्यादा समजावी. क्राउन १/४ आकाराच्या दोनरकानी अंकात एक रकाना जेमतेम ७०-७२ मिलिमीटरचा असतो. तेथे रकान्याच्या आत चित्र ठेवून मजकूर वळवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि चित्र सरळ रकान्याच्या पूर्ण रुंदीचे करावे. ग्राहकाला मजकूर वळलेला म्हणजे पान भरल्यासारखे वाटते, पण वाचकाला तसे वाटत नाही.

अरुंद पट्टीचा त्रास मराठीत अधिक होतो, कारण आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि शब्द लांब होत जातात. 'चादरीच्या उत्पादनासाठी यंत्रमागधारकांनी' हे तीनच शब्द ५९ मिलिमीटरची ओळ जवळजवळ पूर्ण व्यापतात. पट्टी ४५ मिलिमीटरवर आणली तर तिसरा शब्द खालच्या ओळीत जातो, वरच्या ओळीत दोनच शब्द राहतात आणि दोन्ही कडा जुळवण्यासाठी त्या दोघांमध्ये बोटभर पोकळी पडते. अशा तीन-चार ओळी एकाखाली एक आल्या की पानावर वरून खाली पांढरा ओघळ दिसू लागतो.

येथे एक चूक फार सर्रास केली जाते. पोकळी कमी दिसावी म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवले जाते. रोमन लिपीत ते थोड्या प्रमाणात खपून जाते, देवनागरीत खपत नाही, कारण अक्षरे एकमेकांपासून सरकली की शिरोरेषा तुटते आणि 'सोलापूर' हा शब्द चार तुकड्यांत लटकलेला दिसतो. म्हणून इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जस्टिफिकेशनच्या चौकटीत लेटर स्पेसिंगचे, म्हणजे अक्षरांमधील अंतराचे, किमान, अपेक्षित आणि कमाल हे तिन्ही आकडे शून्यच ठेवावेत. वर्ड स्पेसिंग, म्हणजे शब्दांमधील अंतर, मुळात ८०, १०० आणि १३३ टक्के असे असते आणि ते तसेच चालते. ग्लिफ स्केलिंगला ९८ ते १०२ एवढी मोकळीक दिली तर अक्षरांची रुंदी डोळ्याला न जाणवेल इतपतच बदलते आणि बऱ्याच ओळी सावरतात. एवढे करूनही ओळी फाटत असतील तर दोष पट्टीच्या रुंदीत आहे असे मानून चित्र लहान करावे, किंवा त्या परिच्छेदाची उजवी कड मोकळी सोडावी. उजवी कड मोकळी सोडायची असल्यास चित्र डावीकडे असलेले बरे. चित्र उजवीकडे असेल तर प्रत्येक ओळीच्या टोकाचे चित्रापासूनचे अंतर वेगळे दिसते आणि मजकूर वळवल्याचा सगळा नीटनेटकेपणा जातो.

शब्द तोडण्याबद्दल थोडक्यात. युनिकोड फाँटमध्ये आणि मराठी भाषा निवडलेली असताना शब्द अक्षराच्या सीमेवर तोडता येतो, मात्र जोडाक्षर फुटू नये आणि काना, मात्रा किंवा वेलांटी मूळ अक्षरापासून वेगळी होऊ नये. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर टंकलेला असेल, तर हायफनेशन, म्हणजे आपोआप शब्द तोडणे, पूर्ण बंद ठेवावे. त्या मजकुराच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत असतात, सॉफ्टवेअर त्याला इंग्रजी समजून कोठेही तोडते आणि हायफनच्या जागी भलतेच चिन्ह उमटण्याची शक्यता असते.

चित्राची उंची आणि वरखालचे अंतर

आडव्या रुंदीकडे निदान लक्ष तरी जाते, उभ्या अंतराकडे बहुतेक जण पाहतही नाहीत. चित्राशेजारच्या पहिल्या ओळीची शिरोरेषा आणि चित्राची वरची कड एका पातळीत असावी, आणि शेजारच्या शेवटच्या ओळीतील अक्षरांचा तळ चित्राच्या खालच्या कडेशी जुळावा. देवनागरीत डोळ्याला सर्वांत ठळक जाणवणारी आडवी रेषा शिरोरेषाच असल्याने वेलांट्या आणि रफार चित्राच्या कडेच्या थोडे वर गेले तरी खटकत नाही. शिरोरेषा वरखाली झाली तर ती लगेच दिसते.

हे साधण्यासाठी चित्राची उंची ओळींच्या हिशेबातच ठरवावी लागते. आपण निवडलेल्या फाँटमध्ये शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचे अंतर एकदा मोठे करून मोजून ठेवावे. फाँटप्रमाणे ते बदलते, येथे ते ८ पॉइंट आहे असे धरू. चित्राशेजारी दहा ओळी हव्या असतील, तर पहिल्या ओळीच्या तळापासून दहाव्या ओळीच्या तळापर्यंत नऊ वेळा १६ म्हणजे १४४ पॉइंट होतात. त्यात पहिल्या ओळीचे ८ मिळवले की चित्राची उंची १५२ पॉइंट, म्हणजे सुमारे ५३.६ मिलिमीटर येते. आठ ओळींसाठी हाच हिशेब १२० पॉइंटवर येतो. छायाचित्र नेमके एवढेच उंच नसेल तर वरून किंवा खालून कातरावे, ताणून बसवू नये.

आता मोकळ्या अंतराचे पाहू. इनडिझाइनच्या टेक्स्ट रॅप, म्हणजे मजकूर वळवण्याच्या पॅनेलमध्ये चारही बाजूंच्या अंतरांना जोडणारी साखळी असते, आणि ती तशीच ठेवून ४ मिलिमीटर हा आकडा टाकला की तो चहूकडे लागू होतो. ४ मिलिमीटर म्हणजे ११ पॉइंटांहून थोडे अधिक. चित्राच्या वरची जी ओळ पूर्ण रुंदीने जायला हवी, तिचा तळ चित्रापासून फक्त ८ पॉइंटांवर आहे, त्यामुळे ती ओळही या कुंपणात अडकते आणि विनाकारण अर्ध्यावर वळते. खालीही तेच होते. अकराव्या ओळीची शिरोरेषा चित्राखाली ८ पॉइंटांवर यायला हवी, पण ती अडवली जाते. दहा ओळींसाठी कापलेले चित्र बारा ओळी अरुंद करून बसते, आणि खाली साधारण २४ पॉइंटांचा, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटरचा पांढरा पट्टा राहतो. म्हणून साखळी आधी तोडावी, मजकुराच्या बाजूला ४ मिलिमीटर द्यावेत आणि वर व खाली शून्य ठेवावे. ओळींमधील अंतरच वरखालची मोकळीक देते आणि त्यात वेलांट्या आणि उकारही सुखाने मावतात.

चित्राखाली माहितीची ओळ, म्हणजे चित्रओळ, द्यायची असेल तर तिची उंचीही या हिशेबात धरावी लागते. ९ पॉइंटची एक ओळ आणि चित्रापासूनची फट मिळून १६ पॉइंटांत, म्हणजे मुख्य मजकुराच्या एका ओळीत बसवली तर गणित सोपे राहते: चित्र नऊ ओळींचे आणि दहावी ओळ चित्रओळीची. चित्रओळीचा तळ शेजारच्या मजकुराच्या तळाशी जुळला की पान नीट बांधल्यासारखे दिसते.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय करावे

इनडिझाइनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि डब्ल्यू दाबले की टेक्स्ट रॅपचे पॅनेल उघडते. आयताकृती छायाचित्रासाठी चौकटीभोवती मजकूर वळवणारा दुसरा पर्याय निवडावा आणि वर सांगितल्याप्रमाणे अंतरे द्यावीत. मजकूर युनिकोड मराठीत असेल तर परिच्छेदाच्या पॅनेलमधील मेनूतून वर्ल्ड-रेडी पॅरॅग्राफ कंपोझर निवडलेला आहे ना हे आधी पाहावे, अन्यथा जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या जागेवर राहत नाहीत. हा कंपोझर एकेका ओळीचा नव्हे तर पूर्ण परिच्छेदाचा विचार करून शब्दांची वाटणी करतो, त्यामुळे अरुंद ओळींतील पोकळ्या बऱ्याच प्रमाणात सारख्या होतात.

नवख्यांना हैराण करणारी एक अडचण येथे सांगितली पाहिजे. चित्राला खालच्या बाजूने अंतर दिले असेल आणि चित्रओळीची चौकट त्या अंतराच्या आत असेल, तर चित्र आपल्याच चित्रओळीला ढकलून देते. चौकट रिकामी दिसते आणि तिच्या कोपऱ्यात मजकूर उरल्याची लाल खूण येते. चित्रओळीची चौकट निवडून कंट्रोल आणि बी दाबावे आणि उघडलेल्या खिडकीत 'इग्नोर टेक्स्ट रॅप' वर खूण करावी, म्हणजे चित्रओळ परत येते.

आपल्याकडे पत्रिका, हस्तपत्रके आणि चार-आठ पानी पुस्तिका सर्रास कोरलड्रॉमध्येच लावल्या जातात. तेथे मजकूर वळण्यासाठी तो पॅरॅग्राफ टेक्स्ट, म्हणजे चौकटीत टंकलेला, असावा लागतो. आर्टिस्टिक टेक्स्ट म्हणून टंकलेला मजकूर चित्राला जुमानत नाही, आणि 'रॅप लागतच नाही' या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. शिवाय कोरलमध्ये चित्राभोवतीच्या अंतरासाठी एकच आकडा देता येतो, वर-खाली-बाजूला वेगवेगळे आकडे देता येत नाहीत. यावर उपाय साधा आहे. चित्र आणि चित्रओळ यांच्यामागे रेषा आणि रंग नसलेला एक आयत काढावा, तो मजकुराच्या बाजूला ४ मिलिमीटर जास्त रुंद आणि उंचीला ओळींच्या हिशेबाइतकाच ठेवावा, रॅप चित्राला न देता त्या आयताला द्यावे आणि अंतर शून्य करावे. ही अदृश्य आयताची युक्ती मला इतकी विश्वासाची वाटते, की इनडिझाइनमध्येही एखादे पान हट्टाला पेटले तर तीच वापरावी असे मी सांगेन.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये चित्राच्या गुणधर्मांतील रॅप या विभागात चारही बाजूंची अंतरे स्वतंत्रपणे देता येतात आणि मजकूर चित्राच्या आधी, नंतर की दोन्ही बाजूंनी हेही निवडता येते. वर्डमध्ये 'स्क्वेअर' हा पर्याय घ्यावा. दोन्हींत चित्राचा नांगर (अँकर), म्हणजे चित्र ज्या जागेला बांधलेले असते ती खूण, कोणत्या परिच्छेदात आहे याकडे लक्ष द्यावे, कारण वर चार ओळी वाढल्या की चित्र त्या परिच्छेदासोबत सरकते आणि पानाच्या तळाशी गेल्यास पुढच्या पानावर उडी मारते.

अभियांत्रिकी आणि गणिताचे प्राध्यापक लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरतात. तेथे रॅपफिग हे पॅकेज उपयोगी पडते आणि किती ओळी अरुंद करायच्या हे त्याला आकड्याने सांगता येते. मात्र क्रमांकित यादीच्या आत किंवा पान संपत आलेल्या ठिकाणी ते भरवशाचे नाही. मजकूर पूर्ण पक्का झाल्यावर अगदी शेवटी ही चित्रे बसवावीत.

कोणत्या बाजूला, आणि कोणत्या आकाराभोवती

मजकूर चित्राच्या एकाच बाजूने जावा. एकरकानी पानाच्या मधोमध चित्र ठेवून दोन्ही बाजूंनी मजकूर नेला तर वाचकाला प्रत्येक ओळ अर्धी वाचून चित्रावरून उडी मारावी लागते, किंवा डावीकडचा तुकडा खालपर्यंत वाचून घोटाळ्यात पडावे लागते. हा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून वापरलाच पाहिजे असे नाही.

व्यक्तिचित्र असेल तर चेहरा मजकुराकडे पाहणारा असावा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरील लेखात १९३८ साली ते चीनला गेले त्या परिच्छेदाशेजारी त्यांचे छायाचित्र ठेवताना, चेहरा उजवीकडे वळलेला असल्यास चित्र डावीकडे घ्यावे. बाजू जमावी म्हणून छायाचित्र आरशासारखे उलटवू नये, कारण सदऱ्याची गुंडी आणि केसांचा भांग उलट्या बाजूला गेलेला जाणकाराच्या लगेच लक्षात येतो.

आकाराच्या कडेकडेने मजकूर वळवणे दिसायला मोहक असते, पण त्याला योग्य चित्रे फार थोडी. नान्नजच्या माळढोक पक्ष्याचे पार्श्वभूमी काढलेले चित्र उजव्या कडेला ठेवून त्याच्या छातीच्या आणि मानेच्या वळणाने ओळींची टोके आत-बाहेर होऊ दिली, तर पान खुलते, कारण ओळींची सुरुवात एका सरळ रेषेत राहते आणि फक्त शेवट हलतो. तेच चित्र डावीकडे ठेवले की प्रत्येक ओळ वेगळ्या जागेवरून सुरू होते आणि डोळ्याला पुढची ओळ शोधावी लागते. सिद्धेश्वरांच्या यात्रेतील नंदीध्वजाचे चित्र याच्या अगदी उलट आहे. उंच, सडपातळ काठी, वर सजावट आणि खाली तो पेलणारा माणूस अशा आकृतीभोवती मजकूर तिच्या कडेने नेला तर मध्ये ओळी भसकन आत घुसतात आणि खाली अचानक मागे सरतात. नंदीध्वजाला उभा आयतच द्यावा. कडेकडेने वळवायचेच असेल तर सॉफ्टवेअरने आपोआप शोधलेल्या कडेवर विसंबून राहू नये, त्या रेषेवरील जास्तीचे बिंदू पुसून तिचे वळण सोपे करावे.

काही मजकुराशेजारी चित्र नकोच. कवितेच्या ओळी कवीने तोडलेल्या असतात, त्या चित्रामुळे दुसऱ्यांदा तुटू देऊ नयेत. कोष्टकांचेही तसेच. दाते पंचांगाच्या गावात कोष्टकी मांडणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. प्रबंधांत, जेथे आकृत्यांना क्रमांक असतात आणि मजकुरातून त्यांचा उल्लेख होतो, तेथे आकृती मध्यभागी आणि मजकूर वर-खाली हीच रीत ठेवावी. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांची चित्रे १२ जानेवारी १९३१ च्या फाशीच्या मजकुरासोबत द्यायची असतील, तर ती चार परिच्छेदांच्या कडेला विखरू नयेत. एकाच उंचीची, एका ओळीत आणि पूर्ण रुंदीत लावावीत. चौघांचा उल्लेख एकत्र होतो तसे चेहरेही एकत्र यावेत.

छपाईला देण्यापूर्वी

मुद्रितशोधनात एक शब्द वाढला तरी चित्राशेजारच्या साऱ्या ओळी नव्याने मांडल्या जातात, म्हणून दुरुस्त्या संपल्यावर प्रत्येक वळलेला परिच्छेद पुन्हा पाहावा. परिच्छेदाची शेवटची ओळ एकाच शब्दाची होऊन चित्राशेजारी लोंबकळत नाही ना, आणि पोटमथळा अरुंद पट्टीत अडकून दोन ओळींत मोडला नाही ना, हे पाहावे. पोटमथळा अडकलेला असेल तर चित्र एक परिच्छेद वर किंवा खाली सरकवावे. चित्राच्या खाली पूर्ण रुंदीच्या निदान दोन ओळी तरी याव्यात. एकच येणार असेल तर चित्र पानाच्या तळाला टेकवलेले अधिक चांगले.

चित्राचे रिझोल्युशन छापायच्या आकाराला ३०० डीपीआय असावे. ४२ मिलिमीटर रुंदीसाठी त्याचा अर्थ सुमारे ५०० पिक्सेल एवढाच होतो, त्यामुळे लहान चित्रांत ही अडचण क्वचित येते. तरी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत न वापरता तीच डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवावी. पीडीएफ करताना फाँट एम्बेड करावेत, म्हणजे फाइलमध्येच सामावून घ्यावेत, आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. मग वळलेला मजकूर असलेली पाने साध्या प्रिंटरवर, 'फिट टू पेज' बंद करून, शंभर टक्के आकारात काढावीत. पडद्यावर मोठे करून पाहताना मोकळी वाटणारी पट्टी कागदावर पुष्कळदा अरुंद निघते. त्या कागदावर पट्टीची मोजपट्टीने खात्री करावी, शिरोरेषा चित्राच्या कडेशी जुळते का हे कागद आडवा, डोळ्याच्या पातळीला धरून पाहावे, आणि मगच फाइल छपाईची प्लेट काढायला पाठवावी.